सांगलीत बसून शेतकऱ्यांसाठी सोशल नेटवर्क काढावं का? ऑर्कुटचा काळ बघितलेल्यांनी सांगा

सावळजची_पोर

नमस्कार मंडळी,

मी तासगाव तालुक्यातल्या सावळजची. शिक्षण कॉम्प्युटरचं, सांगलीतच झालं. घरी द्राक्षबाग आहे, वडील आणि चुलते बघतात. वर्गातल्या दोन मित्रांना बरोबर घेऊन मी बागायतदारांसाठी एक ॲप तयार केलंय. बागेचा फोटो टाकायचा, रोग विचारायचा, दुसऱ्या बागायतदारांनी उत्तर द्यायचं. बेदाण्याचे सौद्यातले दर बघायचे. एकमेकांना फॉलो करायचं. सगळं मराठीत.

फळछाटणीच्या हंगामात आम्ही गावोगाव जाऊन दाखवलं. लोकांनी आपुलकीनं बघितलं, फोनमध्ये घेतलं. पण पुढच्या आठवड्यात कुणी उघडत नाही. पानावर डाऊनी रोगाचा ठिपका दिसला की तोच फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जातो. माझे वडीलसुद्धा तेच करतात.

आता आमच्यात दोन मतं आहेत. एक मित्र म्हणतो रील घालू, उत्तर देणाऱ्याला बक्षिसाची नाणी देऊ, पुण्यात गुंतवणूकदार गाठू आणि एकदम राज्यभर जाऊ. दुसरा म्हणतो व्हॉट्सॲप असताना कुणी येणार नाही, नोकरी बघूया. मला दोन्ही पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही.

फ्रेंडस्टर, मायस्पेस, ऑर्कुट या जुन्या सोशल नेटवर्कांबद्दल जे वाचलं त्यात एवढंच कळतं की मोठा आला आणि लहान गेला. ज्यांनी ती वर्षं डोळ्यांनी बघितली त्यांना विचारायचंय. लोक एका ठिकाणाहून उठून दुसऱ्या ठिकाणी का जातात? आणि आमच्यासारख्यांना यात जागा आहे का?

कोरेगाव_ते_हिंजवडी

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, बरीच वर्षं पुण्यात अशाच कंपन्यांमध्ये प्रोग्रामिंग करतोय. रील आणि नाणी या दोन्हींना माझा ठाम नकार.

इन्स्टाग्रामची सुरुवात बर्बन नावाच्या ॲपनं झाली. कुठे आहात ते कळवा, पुढचे बेत आखा, गुण मिळवा, फोटो टाका असं बरंच काही त्यात होतं. लोक त्यातलं फक्त फोटोचं वापरतात हे करणाऱ्यांनी बघितलं आणि बाकीचं बहुतेक सगळं काढून टाकलं. २०१० मध्ये जे बाहेर आलं ते एवढंसंच होतं. २०१२ मध्ये फेसबुकनं १ अब्ज डॉलर मोजले तेव्हा कंपनीत १३ माणसं होती. तुमच्या ॲपमधलं लोक खरंच काय वापरतात? काहीच वापरत नसतील तर वर आणखी काय घालणार?

पैशाचं म्हणाल, तर मायस्पेसला २००५ मध्ये ५८ कोटी डॉलर मिळाले आणि २०११ मध्ये तीच कंपनी साधारण साडेतीन कोटींना विकली गेली. आपल्याकडे हाइक मेसेंजर २०१२ मध्ये आला, भरपूर भांडवल घेतलं, जानेवारी २०२१ मध्ये बंद झाला. ट्विटरसारखं कू २०२० मध्ये आलं, मंत्री आले, खेळाडू आले, तेही जुलै २०२४ मध्ये बंद. भांडवलानं माणसं दारापर्यंत येतात. ती आत का थांबतील, याचं उत्तर आधी तुमच्याकडे हवं.

विश्रामबाग_नेटकॅफे

तुला अगंतुगं करतोय, राग मानू नकोस. माझी थोरली तुझ्याच वयाची आहे.

वालचंद आणि विलिंग्डन कॉलेजच्या पोरांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर माझं नेट कॅफे होतं. तू जो प्रश्न विचारलायस तो मी तेव्हापासून मनात घेऊन आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ऑर्कुट जानेवारी २००४ मध्ये आलं. सांगलीत त्याची लाट यायला वेळ गेला. सुरुवातीला आमंत्रणाशिवाय आत जाता येत नव्हतं. एखादा पोरगा पुण्यात शिकणाऱ्या भावाकडून आमंत्रण मिळवायचा, मग तो बेंचवरच्या चौघांना द्यायचा, ते आणखी कुणाला. त्यामुळे आत पाऊल टाकताच ओळखीचा चेहरा दिसायचा. पोरं बसली की आधी स्क्रॅपबुक उघडायची, कुणी काय लिहिलंय बघायची. मग टेस्टिमोनियल, म्हणजे मित्रांनी आपल्याबद्दल लिहिलेले चार शब्द. मग आपलं पान कोण बघून गेलं ते. भाषा मराठी, अक्षरं रोमन. पाच मिनिटं म्हणून बसलेला अर्धा तास उठायचा नाही. शेवटचं वर्ष संपून वर्ग पांगला, कुणी पुण्याला, कुणी बंगळूरला गेला, की सुट्टीत घरी आलेल्यांची माझ्याकडे रांग लागायची. ही पोरं नव्या ओळखी करायला येत नव्हती गं. ज्यांच्याबरोबर मेसचं जेवण जेवलो त्यांच्याशी बोलायला येत होती.

माझं सगळं म्हणणं यातच आहे. माणसांचं जाळं आधीच असतं. साइट त्याला बसायला जागा देते. ज्यांनी आधीच असलेलं जाळं ओळखलं ते टिकले. ज्यांनी अनोळखी माणसं गोळा करून जाळं विणायचा प्रयत्न केला ते थकले.

१९९७ मध्ये अमेरिकेत सिक्सडिग्रीज नावाची साइट निघाली. आपली माहिती, मित्रांची यादी, त्यांच्या मित्रांची यादी, असं आज आपण ज्याला सोशल नेटवर्क म्हणतो त्यातलं जवळजवळ सगळं तिथे होतं. लाखो लोकांनी नावं नोंदवली. पण नाव नोंदवणाऱ्याचे खरे मित्र अजून इंटरनेटवर आलेलेच नव्हते. तिथे जाऊन बोलायचं कुणाशी? काही वर्षांत ती साइट बंद पडली.

गंमत म्हणजे त्याच्या आदल्याच वर्षी, १९९६ मध्ये, आपल्या माणसांनी मायबोली सुरू केली होती आणि ती आजही चालू आहे. परदेशात गेलेल्या मराठी माणसाला मराठीत बोलायची भूक होती, ती आधीपासूनच होती. कुणाला ती तयार करावी लागली नाही.

फ्रेंडस्टरचं उदाहरण मला सगळ्यात शिकवणारं वाटतं. २००२ मध्ये निघाली, लोक तुटून पडले. प्रत्येक पान उघडताना तुझा मित्र, त्याचा मित्र, त्याचाही मित्र अशी साखळी मोजली जायची. सर्व्हरला ते झेपेना. पान यायला पाऊण पाऊण मिनिट लागायचं. २००३ मध्ये गूगलनं ३ कोटी डॉलर देऊ केले होते, ते नाकारले. अमेरिकेतली माणसं कंटाळून उठली. इथपर्यंत सगळे सांगतात. पण तीच साइट फिलिपिन्स, मलेशिया, इंडोनेशियात पुढे कैक वर्षं जोरात चालली. कारण तिथे एकेका घोळक्यातली सगळीच्या सगळी माणसं तिथे होती, आणि आपली माणसं असली की लोक बरंच काही सोसतात.

फेसबुकनं हे सुरुवातीलाच पकडलं. फेब्रुवारी २००४, फक्त हार्वर्ड. कॉलेजचा ईमेल असेल तरच प्रवेश. महिन्याभरात तिथली पदवीची निम्म्याहून जास्त मुलं आत आली. मग कोलंबिया, स्टॅनफर्ड, येल, असं एकेक कॉलेज. सगळ्या जगाला दार उघडलं ते सप्टेंबर २००६ मध्ये. तुझा मित्र म्हणतो तसं ते पहिल्या दिवशी अख्ख्या अमेरिकेत गेले असते, तर प्रत्येक कॉलेजात दोन-दोन पोरं सापडली असती आणि ती एकमेकांना ओळखतही नसती.

आता ऑर्कुट का उठलं. हे मी काउंटरवर बसून बघितलंय. आधी बनावट प्रोफाइल वाढली. मुलींच्या स्क्रॅपबुकात अनोळखी माणसं मैत्री करशील का म्हणून लिहायला लागली. मुलींनी स्वतःचे फोटो काढून तिथे फुलं आणि नट्या लावल्या. मग त्या येईनाशा झाल्या. मुली गेल्या तशा त्यांच्या मैत्रिणी गेल्या, भाऊ गेले, मग वर्गच्या वर्ग. एकेकटा माणूस जात नाही, अख्खा घोळका उठतो. २०१० च्या मध्यावर भारतात फेसबुकनं ऑर्कुटला मागे टाकलं आणि ३० सप्टेंबर २०१४ ला गूगलनं ते बंद केलं. मोठ्यानं लहानाला गिळलं म्हणतात, पण ऑर्कुट तर गूगलचं होतं. त्याहून मोठं कोण होतं तेव्हा?

आणि व्हॉट्सॲप. याहूतून बाहेर पडलेल्या यान कूम आणि ब्रायन ॲक्टन यांनी २००९ मध्ये काढलं. त्यांनी मित्र जोडा असं कुणाला म्हटलंच नाही. फोनमध्ये साठवलेले नंबर हेच तुझं जाळं. नोकियाच्या स्वस्त फोनवरही चालायचं, त्यामुळे गावात पोचलं. २०१४ मध्ये फेसबुकनं १९ अब्ज डॉलरला घेतलं तेव्हा तिथे पन्नास-पंचावन्न माणसं कामाला होती.

तुझ्या वडिलांच्या फोनमध्ये कोण आहे बघ. मेहुणे, औषध दुकानदार, अडत्या, बेदाण्याचा शेडवाला, ट्रॅक्टरवाला, शेजारचा बागायतदार. हे जाळं तुला नव्यानं विणता येणार नाही आणि विणायची गरजही नाही. तुझे वडील तुझं ॲप सोडून ग्रुपवर जातात त्यात तुझ्या कामाचा अपमान नाही. त्यांची माणसं तिथे आहेत, एवढंच.

मग तुला जागा कुठे? ऑगस्ट २०१९ चा महापूर आठव. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. बोट कुठल्या गल्लीत पाहिजे, इन्सुलिन कुणाकडे आहे, जनावरं कुठे हलवली, सगळं फोनवरच्या ग्रुपांमधून चाललं होतं. त्यानं जीव वाचले, हे मी बघितलंय. पण एखाद्या गच्चीवर अडकलेली माणसं सुखरूप बाहेर आल्यावरही त्यांचा मेसेज पुढचे दोन दिवस फिरत होता आणि पोरं पुन्हा पुन्हा तिकडे बोट घेऊन निघायच्या तयारीत. ग्रुपवर बोलणं वर सरकून जातं. कोणती गोष्ट संपली, कोणती अजून बाकी आहे, मागच्या वर्षी याच प्रश्नावर काय ठरलं होतं, काही सापडत नाही. बोलायला ग्रुप उत्तम, पण जपून ठेवायला आणि वेळेवर काढून द्यायला त्याचा उपयोग नाही. हे काम तुझं.

अजून एक सांगतो, मग थांबतो. भारतमॅट्रिमनी १९९७ मध्ये सुरू झाली ती कशी? अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मुरुगवेल जानकीरामन यांनी तमिळ लोकांसाठी एक साइट काढली होती. सणवार, पंचांग, असं सगळं. त्यात एक पान स्थळांचं. बघतात तर गर्दी त्या एका पानावर. त्यांनी मग तेच धरलं. तू तुझ्या बागायतदारांचं ते पान शोध.

सावळजची_पोर

काका, आणि कोरेगावचे दादा, मनापासून आभार. काकांचं फ्रेंडस्टरचं वाचून आम्ही तिघं काल रात्री बराच वेळ बोलत बसलो. आमची माणसं कवठेमहांकाळपासून पलूसपर्यंत विखुरलेली आहेत. एका गावात एकमेकांना ओळखणारे वापरकर्ते आम्हाला दाखवता येत नाहीत.

तुम्ही म्हणता ते पान शोधायला मी वडिलांना विचारलं, तुम्ही बागेचं काय लिहून ठेवता? तर भिंतीवरच्या कालनिर्णयवर प्रत्येक फवारणी लिहिलेली. औषध, प्रमाण, तारीख. मागच्या वर्षीचं कॅलेंडरसुद्धा कपाटात जपलेलं. हे मी लहानपणापासून बघतेय, पण ॲप करताना कधी डोक्यात आलं नाही की हेच मागायचं.

पण फवारणीची वही म्हणजे सोशल नेटवर्क राहिलं का? आणि यातून पैसे कसे यायचे?

सोनीचा_बागायतदार

ताई, मी मिरज तालुक्यातला, वाचत असतो, लिहीत नाही. आज लिहितो कारण विषय आमच्या पोटाचा आहे.

तुमच्या ॲपसारखी दोन-तीन मी बघितली. औषधाचा सल्ला तिथे का घेत नाही ते सांगतो. फोटो टाकला की कुणीतरी लिहितो, हे मारा. त्याची बाग कुठं, जात कुठली, सुपर सोनाका की थॉमसन, छाटणीला किती दिवस झालेत, काही कळत नाही. आम्ही बाग दिवसांवर ओळखतो. पंचवीस दिवसांच्या बागेला जे चालतं ते शंभर दिवसांच्या बागेला मारलं तर औषधाचा अंश द्राक्षात राहतो आणि काढणीवेळी माल अडकतो. २०१० मध्ये युरोपात लिहोसीन या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून आपले कंटेनर अडकले होते, ते वर्ष इथं कुणी विसरलेलं नाही. लोक कर्जात गेले.

निर्यातीची बाग असेल तर ग्रेपनेट या सरकारी ऑनलाइन यंत्रणेत नोंद करावी लागते, मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीतलीच औषधं वापरायची, काढणीआधी किती दिवस थांबायचं ते पाळायचं आणि सगळ्या फवारण्यांची नोंद दाखवायची. ही नोंद आमच्यातले निम्मे लोक आठवून आठवून शेवटी एकदम लिहितात. मला कुणी असं काही दिलं, की मी फवारणी बोललो की ती लिहिली जाईल आणि या औषधानंतर काढणीला अमुक दिवस थांबा असं तेव्हाच सांगेल, तर मी ते रोज उघडीन. दुसरं कुणी त्यात असो नसो.

आणि सल्ला मागताना माझ्या प्रश्नाखाली जात, छाटणीपासूनचे दिवस, मागच्या तीन फवारण्या आपोआप दिसल्या, तर उत्तर देणारापण जबाबदारीनं देईल. आमच्या ग्रुपमध्ये एक जाणते बागायतदार आहेत, ते निम्म्या प्रश्नांना फक्त एवढंच विचारतात, किती दिवसांची बाग?

कोरेगाव_ते_हिंजवडी

वरच्या प्रतिसादात तुमचं अख्खं उत्पादन आहे, ताई. एकट्याला उपयोगी पडतं आणि शेजारी आला की जास्त उपयोगी पडतं.

पैशाबद्दल. जाहिरातीवर जगायला कोट्यवधी डोळे लागतात. फेसबुकला ते जमलं. शेअरचॅटनं वेगळी वाट धरली. आयआयटी कानपूरच्या तिघांनी २०१५ मध्ये काढलं, इंग्रजी ठेवलीच नाही, मराठीसह भारतीय भाषाच ठेवल्या. पुढच्या वर्षी जिओ आलं, स्वस्त डेटानं गावं ऑनलाइन आली, २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली तेव्हा त्यांनी लगोलग मोज हे छोट्या व्हिडिओंचं ॲप आणलं. एवढा वारा पाठीशी असूनही ते काम प्रचंड भांडवलाचं आहे. तुमच्या जिल्ह्याची द्राक्षं किती मोठी असली तरी जाहिरातीचा हिशेब तिथे बसत नाही.

इबिबो २००७ मध्ये सोशल नेटवर्क म्हणूनच सुरू झालं होतं. पुढे त्यांनी विमानाची, बसची तिकिटं विकायला घेतली आणि तेच त्यांचं काम झालं. पुण्याच्या ॲग्रोस्टारनं आधी मिस्ड कॉलवर बियाणं, खतं, औषधं पोचवली, शेतकऱ्यांची आपसातली चर्चा नंतर आली. दोन्हीकडे पैसा व्यवहारातून आला. तुमच्याकडे व्यवहार कुणाचा? निर्यातदाराचा. त्याला शंभर बागांची नोंद एकसारखी, वेळच्या वेळी हवी असते आणि त्यासाठी तो आज माणसं फिरवतो. पैसे त्याच्याकडे मागा, बागायतदाराला फुकट द्या. पण एक अट आधीच लिहून ठेवा. बागायतदाराची नोंद त्याची स्वतःची, त्यानं हो म्हटल्याशिवाय ती ना निर्यातदाराला दिसेल ना औषध कंपनीला. इथे एकदा विश्वास गेला की काकांनी ऑर्कुटचं सांगितलं तसं गावच्या गाव उठेल.

विश्रामबाग_नेटकॅफे

सोनीच्या भाऊंनी माझ्या लांबलचक लिहिण्यापेक्षा नेमकं सांगितलं.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. नोंद म्हणजे सोशल नेटवर्क नाही, बरोबर आहे. पण तुझ्या वडिलांनी नोंद केली आणि एका बोटानं ती नीट चित्र होऊन त्यांच्या नेहमीच्या ग्रुपवर गेली, खाली बागेचे दिवस आणि जात, तर ग्रुपमधला दुसरा विचारणार की हे कशात केलंस. ग्रुपशी भांडू नकोस, त्याच्याच खांद्यावर बसून पुढे जा. फॉलो करणं, नाणी, दर, सगळं सध्या बाजूला ठेव. बेदाण्याचे दर तर सौद्यातून घरी येईपर्यंत फोनवर आलेले असतात.

गाव एकच घे, सावळज. ओळखीची वीस-पंचवीस घरं, ज्यांचा बांधाला बांध आहे. शेजारच्या बागेत डाऊनी आली हे ज्याला आजच कळायला हवं असा माणूस शेजारीच असतो, नाशिकला नसतो. तिथे सगळे रोज नोंद करायला लागले की मग मणेराजुरी. गुंतवणूकदाराचं तोवर नावही काढू नकोस.

आणि नोकरी बघूया म्हणणाऱ्या मित्राला सांग, नोकरी करत करतही हे होतं. संध्याकाळी वेळ दे म्हणावं, पण सोडू नकोस.

सावळजची_पोर

काका, तो तयार झालाय! एप्रिलच्या खरडछाटणीच्या आत फक्त नोंद आणि काढणीआधीचे दिवस एवढंच करून आमच्या वस्तीवर देणार आहोत. रील आणि नाण्यांचा हट्टही सुटला.

सोनीच्या भाऊंना विनंती, आम्ही एकदा येऊन तुमच्यासमोर नोंद करून बघितली तर चालेल का? काय खटकतं ते तुम्ही तोंडावर सांगाल म्हणून.

सोनीचा_बागायतदार

या की. फक्त दोन गोष्टी बघून या. आमच्या बागेत रेंज नसते, तेव्हा नेट नसताना लिहिलेलं राहतं का ते. आणि फवारणी करताना हातमोजे असतात, त्यामुळं बारीक अक्षरात टाइप करायला लावू नका, बोललेलं लिहून घेतलं पाहिजे. औषधांची नावं आम्ही दुकानातल्या नावानं घेतो, शास्त्रीय नावानं नाही. ती यादी मी दुकानदाराकडून काढून ठेवतो.